साठाव्या पायरीवरचं दुखणं

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सादर नमस्कार. आमचे हे ५८ वर्षांचे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. गेली अकरा वर्षं रोज सकाळी पर्वती चढतात. दिवाळीपासून मात्र साठ-सत्तर पायऱ्या झाल्या की छातीत भरून येतं, कठड्याला टेकून दोन-तीन मिनिटं उभे राहिले की जातं. "पित्त आहे" म्हणत पित्ताचं औषध घेत राहिले. ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. शेवटी मुलीने हट्ट धरला म्हणून बाकीच्या तपासण्या केल्या. स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि मागच्या महिन्यात अँजिओग्राफी झाली. हे आत टेबलावर असतानाच डॉक्टरांनी मला बोलावून स्क्रीन दाखवला. उजव्या रक्तवाहिनीत ८० टक्के ब्लॉकेज, डावीकडच्या पुढच्या वाहिनीत ४० टक्के, मुख्य खोड स्वच्छ. "स्टेंट आत्ताच टाकून घेऊ, इथे सही करा," म्हणाले. मी एकटी, मुलगी बंगळुरूला. हात थरथरत होते. "विचार करून सांगतो," एवढंच म्हणू शकले. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज घेऊन घरी आलो.

तेव्हापासून दीर येता-जाता "घरात टाइमबॉम्ब ठेवलाय" म्हणतात. नणंदेच्या ओळखीचे कुणी आहेत, ते मशीनच्या ३५ सिटिंगमध्ये 'नैसर्गिक बायपास' करून देतात म्हणे. आणि यांचं म्हणणं, स्टेंटच टाकला नाही तर गोळ्या कशाला? कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली आहे, रोज बागेबाहेर दुधीचा रस घेतात. शुगर बॉर्डरलाइन आहे (एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, ७.४), एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १४८, एकोमध्ये पंपिंग ६० टक्के. टपरीवर दिवसाला दोन-तीन सिगारेटी होतात, मला माहीत नाही असं त्यांना वाटतं. मी सही केली नाही, ही माझी चूक झाली का?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर :

ताई, चूक झाली नाही. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण महिनाभर तुम्हाला धड झोप लागली नसणार. तुम्ही कळवलेले आकडे पाहता, त्या दिवशी सही न केल्यामुळे तुमच्या यजमानांचा जीव धोक्यात गेला असं मला दिसत नाही. मात्र घरी आल्यावर जे चाललंय, म्हणजे गोळी बंद आणि दुधी चालू, ती चूक आहे. ती न केलेल्या सहीपेक्षा कितीतरी मोठी आहे आणि आज संध्याकाळी सुधारता येण्यासारखी आहे. मी कागदावरून बोलतोय, छातीला स्टेथोस्कोप लावून नाही, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पेठेतल्या दवाखान्यात चाळीस वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. हृदयाचं दुखणं दोन स्वभावांचं असतं. एक वेळ देतं, दुसरं देत नाही. आणि आपण पुणेकर नेमके उलटे वागतो. वेळ देणाऱ्या दुखण्यापुढे घाबरून गर्भगळित होतो, आणि वेळ न देणारं दुखणं रात्री दीडला आलं की "सकाळी बघू" म्हणत ओवा चावत बसतो.

तुमच्या यजमानांचं दुखणं आज तरी पहिल्या स्वभावाचं आहे. साठाव्या पायरीवर काय होतं ते सांगतो. हृदय शरीरभर रक्त पाठवतं, पण स्वतःचं पोट भरायला त्याच्याकडे जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या वाहिन्या असतात. बसलेल्या माणसाला अरुंद वाहिनीतून येणारं रक्तही पुरतं. चढ लागला की ठोके वाढतात, मागणी कितीतरी पट होते, आणि ८० टक्के अरुंद वाहिनी ती पुरवू शकत नाही. स्नायू उपाशी पडतो आणि तक्रार करतो. माणूस थांबला की मागणी उतरते, तक्रार मिटते. सकाळी सगळ्या इमारतीचे नळ एकदम सुटले की वरच्या मजल्यावर धार बारीक होते, तसंच. याला अंजायना म्हणतात. विल्यम हेबरडेन नावाच्या इंग्रज वैद्याने १७६८ मध्ये लंडनच्या वैद्यांपुढे याचं वर्णन वाचलं होतं : चालताना येतं, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, आणि उभं राहिलं की नाहीसं होतं. ईसीजी नाही, रक्ततपासणी नाही, केवळ ऐकून त्याने जे लिहिलं, तेच तुम्ही पर्वतीबद्दल मला लिहिलंत.

म्हणून तर पित्ताची गोष्ट मला पटत नाही. पित्त पायऱ्या मोजून येत नाही. ते आडवं झाल्यावर, तिखट मिसळीनंतर, रिकाम्या पोटी येतं. चढलं की येतं आणि थांबलं की जातं, हा पित्ताचा स्वभावच नव्हे. तसंच, एका बोटाने जागा दाखवता येते, सुईसारखं टोचतं, क्षणभरात जातं, कूस बदलली की बदलतं, असं दुखणं बहुधा हृदयाचं नसतं. हृदयाचा माणूस बोट दाखवत नाही, छातीवर मूठ ठेवतो. "दुखत नाही हो, जड वाटतं, आवळल्यासारखं," असं म्हणतो. 'दुखतं' हा शब्द तो वापरत नाही, म्हणून घरचे निर्धास्त राहतात.

आता ईसीजी. विश्रांतीत काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून हृदय ठीक, हा समज निदान आपल्या गावातून हद्दपार व्हायला हवा. पहाटे पाचला लक्ष्मी रोडचा फोटो काढायचा आणि इथे गर्दीच नसते म्हणायचं, असा तो प्रकार आहे. ईसीजी त्या दहा सेकंदांचा हिशेब देतो. दुखणं चालू असताना काढला तर तो सोन्यासारखा, दुखणं नसताना काढला तर कोरा असू शकतो. एकोमध्ये पंपिंग ६० टक्के म्हणजे स्नायू शाबूत आहे, ही खरोखर चांगली बातमी. पण तीही बसल्या जागेची. चालत्या पट्ट्यावरची स्ट्रेस टेस्ट गर्दीच्या वेळचा फोटो काढते. तीही चुकते, बायकांमध्ये तर खोटी पॉझिटिव्ह जास्त येते. म्हणून कुठलीच तक्रार नसलेल्या माणसाने वाढदिवसाच्या पॅकेजमध्ये ती करून घ्यावी, या मताचा मी नाही. तुमच्याकडे तक्रार होती, टेस्ट पॉझिटिव्ह होती, अँजिओग्राफीने जागा दाखवली. तपासणीची साखळी तुमच्या मुलीच्या हट्टाने नीट पूर्ण झाली. तिला माझा नमस्कार सांगा.

आता त्या ८० टक्क्यांबद्दल, कारण सगळी भीती त्या आकड्याला चिकटली आहे. दिरांच्या डोक्यात चित्र असं असणार : नळात गाळ साठतोय, ८० टक्के झाला, उद्या ८५, परवा १०० आणि मग अटॅक. हे चित्र सोपं आहे, पण बरंचसं चुकीचं आहे. तो साठा नळाच्या आत चिकटलेला गाळ नसतो, तो वाहिनीच्या भिंतीत वाढलेला असतो. पुटकुळीसारखा म्हणा हवं तर : आत चरबी आणि सूज, वर पातळ आवरण. बहुतेक अटॅक येतात ते हे आवरण फाटल्यामुळे. जखम झाली असं समजून रक्त तिथे गोठतं आणि काही मिनिटांत वाट बंद. यातली मेख अशी की फाटणारी पुटकुळी पुष्कळदा ८० टक्क्यांची नसते, ३०-४०-५० टक्क्यांची असते. कधी तक्रार न केलेली. काल स्ट्रेस टेस्ट पास झालेल्या माणसाला आज अटॅक येतो, तो असा.

म्हणजे तुमच्या घरात धोक्याच्या जागा दोन आहेत, आणि अटॅकच्या हिशेबात उजवीकडच्या ८० इतकंच डावीकडच्या ४० कडेही लक्ष हवं. स्टेंट बसेल तो ८० मध्ये. ४० ला कोण सांभाळणार? तीच गोळी, जी यजमानांनी बंद केली आहे.

आधी स्टेंटचं. अँड्रियास ग्रुंटझिग या डॉक्टरने १९७७ मध्ये झुरिकमध्ये पहिल्यांदा हृदयाच्या वाहिनीत फुगा फुगवून ती रुंद केली. जाळीचा स्टेंट आला १९८६ मध्ये. अटॅक चालू असताना हा उपाय जीव वाचवतो, त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण टेकल्यावर थांबणाऱ्या, सहा महिने एकाच चालीने चाललेल्या अंजायनात काय? याचा मोठा अभ्यास 'इस्केमिया' नावाने झाला. ३७ देशांतले, त्यात भारतातलेही, ५१७९ रुग्ण. निम्म्यांना गोळ्यांबरोबर लगेच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी नुसत्या भरभक्कम गोळ्या. २०२० मध्ये निष्कर्ष छापून आले. मृत्यू आणि अटॅक यांत दोन्ही गटांमध्ये ठळक फरक दिसला नाही. २००७ च्या 'करेज' अभ्यासाचा सूरही हाच होता. फरक पडला तो त्रासात : ज्यांना वारंवार अंजायना होत होता, त्यांना स्टेंट-बायपासने जास्त आराम मिळाला.

म्हणून स्टेंटकडे तुम्ही असं बघा. यजमानांच्या बाबतीत तो पायऱ्या सुखाने चढता याव्यात म्हणून आहे, उद्याचं मरण टाळण्यासाठी नाही. दोन-तीन महिने नीट गोळ्या घेऊनही साठाव्या पायरीवर थांबावं लागत असेल, तर आनंदाने टाकून घ्या, मी स्वतः सोबत येईन. पण तो निर्णय खुर्चीत बसून, मुलीला फोनवर घेऊन, चहा पिता पिता करण्याचा आहे. त्या दारात उभं राहून करण्याचा नव्हता.

हे सगळ्यांना लागू नाही, हेही सांगतो. नाहीतर हे सदर कापून कुणीतरी भलत्याच पेशंटला दाखवेल. डाव्या वाहिनीच्या मुख्य खोडात ब्लॉकेज असेल, पंपिंग फार उतरलेलं असेल, मधुमेह्याच्या तिन्ही वाहिन्या खराब असतील, दुखणं बसल्या जागी येऊ लागलं असेल किंवा दर आठवड्याला वाढत असेल, तर हिशेब बदलतो. अशा वेळी बायपास किंवा स्टेंट लांबवणं जिवावर बेतू शकतं. हेबरडेन आणि 'इस्केमिया' दोघंही तिथे तुमच्या मदतीला येणार नाहीत.

आणि त्या डॉक्टरांना लगेच खलनायक करू नका. एकाच बैठकीत काम उरकलं की पेशंटला दुसऱ्यांदा टोचावं लागत नाही, खर्च वाचतो, आणि असा आगाऊ विचार करून बसलेले नातेवाईक "लगेच का नाही टाकला" म्हणून भांडतातही. माझा आक्षेप एवढाच की हा प्रश्न आदल्या दिवशी विचारायला हवा होता. अँजिओग्राफीला जाणाऱ्या प्रत्येक घराने आधीच ठरवून ठेवावं : काही सापडलं तर आज टाकायचा की बाहेर येऊन बोलायचं. अँजिओग्राफीची सीडी तुमच्या हक्काची आहे. ती घेऊन दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा आणि सरळ विचारा : "गोळ्यांवर ठेवलं तर काय होईल? स्टेंटने आयुष्य वाढेल की त्रास कमी होईल?" ज्याला या प्रश्नाचा राग येत नाही, तो तुमचा डॉक्टर.

पैशाचं एका परिच्छेदात. औषध लावलेला स्टेंट पूर्वी लाखाच्या वर जायचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने त्याला २९,६०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. पुढे ती थोडीफार बदलत गेली, पण कमाल किंमत आजही बांधलेली आहे. बिलात स्टेंटचं नाव, बॅच नंबर आणि किंमत वेगळी मागून घ्या. मेडिक्लेम नसलेल्या वाचकांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. तिच्यात अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. हेल्पलाइन १५५३८८.

आता गोळ्या. "स्टेंट नाही तर गोळ्या कशाला" हे वाक्य ऐकून मला हसावं की रडावं कळेना. स्टेंट नाही म्हणूनच तर गोळ्या! आणि उद्या स्टेंट टाकला तरी गोळ्या सुटणार नाहीत, उलट रक्त गोठू न देणारी आणखी एक वाढेल. ती सहा महिने ते वर्षभर, डॉक्टर सांगतील तोवर, एक दिवसही चुकवायची नसते. दाढ काढायची आहे म्हणून परस्पर बंद केली आणि स्टेंट गोठला, अशी उदाहरणं आहेत.

कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे अॅटोर्वास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन, नुसता रिपोर्टमधला आकडा कमी करत नाही. ती पुटकुळीच्या आतली चरबी आणि सूज उतरवते, वरचं आवरण जाड करते. फाटण्याची शक्यता कमी होते. वाहिनीचा आजार ठरलेल्या माणसात एलडीएल ५५ च्या खाली ठेवावं असं आजचं शास्त्र सांगतं. तुमच्याकडे १४८ आहे. हे अंतर ओट्स खाऊन कापलं जात नाही. "या गोळ्यांनी लिव्हर जातं, स्मरणशक्ती जाते, अंग दुखतं" असा मेसेज माझ्या सोसायटीच्या ग्रुपवरही दर महिन्याला येतो. अंगदुखी काही जणांना होते, तेव्हा डोस किंवा गोळी बदलता येते. लिव्हर खराब होणं दुर्मीळ आहे, रक्त तपासून कळतं. बाकीच्या भीतीपेक्षा ती ४० टक्क्यांची पुटकुळी मला जास्त भीतिदायक वाटते. जोडीला अॅस्पिरिनची छोटी गोळी, ठोके आवरणारी गोळी, जिभेखाली ठेवायची गोळी, यांतल्या कोणत्या आणि किती, ते डिस्चार्जच्या कागदावर असेल. कागद काढा, डॉक्टरांना फोन करा आणि आजपासून पुन्हा चालू करा.

जिभेखालची गोळी बसून घ्यायची, उभ्याने नाही. रक्तदाब झपकन उतरतो. आणि एक नाजूक गोष्ट. पुरुषांच्या त्या 'ताकदीच्या' गोळ्या कुणी घेत असेल, तर त्यानंतर एक-दोन दिवस ही गोळी घातक ठरू शकते. यजमान तुम्हाला सांगणार नाहीत. डॉक्टरांना एकट्यात सांगायला सांगा.

"शुगर बॉर्डरलाइन." ताई, पुण्यात मधुमेह कुणालाच नसतो, सगळ्यांची बॉर्डरच असते. साडेसहाला बॉर्डर संपते. ७.४ म्हणजे मधुमेह, आणि त्यावर औषध हवं. सिगारेटींचं तर बोलायलाच नको. दोन-तीनच आहेत, हा बचाव हृदय ऐकत नाही. दोन-तीन सिगारेटींचाही हृदयावरचा परिणाम वाटतो त्याहून पुष्कळ मोठा असतो. तुम्हाला माहीत आहे हे त्यांना सांगून टाका. अर्धं काम तिथेच होईल. २००४ मध्ये ५२ देशांचा 'इंटरहार्ट' नावाचा अभ्यास आला होता. आपल्या दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी, सरासरी ५३ च्या आसपास येतो, असं त्यात दिसलं. आणि त्यामागची बहुतेक कारणं तंबाखू, कोलेस्टेरॉल, मधुमेह, रक्तदाब, सुटलेलं पोट अशी बदलता येणारीच निघाली. अकरा वर्षांच्या पर्वतीने यजमानांना नक्की काहीतरी दिलं आहे. पण पर्वती सिगारेट फेडत नाही.

नणंदेच्या 'नैसर्गिक बायपास'बद्दल. पायांना पट्टे बांधून हवेने दाबणारं ते मशीन थोतांड नाही. ज्यांचा स्टेंट-बायपास होऊच शकत नाही आणि गोळ्यांनी त्रास थांबत नाही, अशांना त्याने थोडा आराम पडू शकतो. पण त्याने ब्लॉकेज विरघळत नाही, आणि ते बायपासही नाही. सलाइनमधून औषध सोडून 'नळ्या साफ' करून देणारेही भेटतील. त्यांना दुरूनच नमस्कार करा.

दुधीचा माझा राग थोडा वैयक्तिक आहे. दुधी उत्तम भाजी आहे, चण्याची डाळ घालून करावी. पण कच्चा रस कडू लागला तर तो विषारी असू शकतो, उलट्या, रक्तस्राव, रक्तदाब कोसळणं, इथवर जातं. आपल्या देशात त्याने मृत्यू झाले आहेत आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने कडू रस पिऊ नका म्हणून बजावलं आहे. बागेबाहेरचा माणूस आलं, पुदिना, काळं मीठ घालून कडवटपणा झाकतो. म्हणजे जी एक सूचना जीभ देते, तीही गेली.

आता दुसऱ्या स्वभावाचं दुखणं. हा भाग दिरांना वाचून दाखवा.

१९९४ सालची गोष्ट. आमच्या वाड्याचा जिना चढताना आईची खालची दाढ ठणकायची. मधुमेही होती. वर येऊन पलंगावर बसली की ठणका थांबायचा. मी तिचा मुलगा, एमडी झालेला, दवाखान्यात रोज चाळीस पेशंट तपासणारा. मी तिला दाताच्या डॉक्टरकडे पाठवलं आणि दाढ काढून आणली. दोन आठवड्यांनी रात्री ती दरदरून घामाने भिजली, मळमळ, "कसंसंच होतंय" एवढंच म्हणाली. छातीत दुखतंय असं शेवटपर्यंत म्हणाली नाही. मी पित्ताचं इंजेक्शन काढायला कपाट उघडलं, आणि तेव्हा कुठे जिना आणि दाढ यांची सांगड लागली. आई वाचली, पण हृदयाचा पुढचा भाग कायमचा लुळा पडला. दाढ चांगली होती, हे नंतर कळलं.

बायकांमध्ये, मधुमेह्यांमध्ये, म्हाताऱ्या माणसांमध्ये अटॅक असा वेष बदलून येतो. धाप, घाम, उलटी, जबडा, पाठ, दोन्ही खांदे, किंवा नुसता विलक्षण थकवा. तेव्हा नियम असा ठेवा. यजमानांना बसल्या जागी किंवा झोपेतून उठवणारा त्रास झाला, किंवा टेकल्यावर पाच मिनिटांत गेला नाही, किंवा घाम आणि धाप सोबत आली, तर निदान करत बसायचं नाही. १०८ ला फोन. अॅस्पिरिनची अॅलर्जी किंवा अल्सरचा रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपास साधी अॅस्पिरिन चावून गिळायची, घरात ७५ च्या असतील तर चार. जिना स्वतः उतरायचा नाही, खुर्चीत बसवून उतरवायचं. दिरांच्या स्कूटरवरून तर मुळीच नाही. जोरजोरात खोकून अटॅक थांबवण्याचा जो मेसेज फिरतो, तो खोटा आहे.

जायचं कुठे, हे आत्ताच ठरवा. चोवीस तास कॅथलॅब (अँजिओग्राफी आणि स्टेंटची खोली) चालू असलेलं सर्वात जवळचं रुग्णालय फोन करून शोधा, नाव-नंबर फ्रिजवर लावा. गणपतीच्या दहा दिवसांत तिथे कुठून जायचं, तेही एकदा बघून ठेवा. अनंत चतुर्दशीच्या रात्री टिळक रोडला वळसा शोधत बसायची वेळ नको. वाट पूर्ण बंद करणाऱ्या अटॅकमध्ये दारात पोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत फुगा फुगवला जावा, असा दंडक आहे. ते वेळेत जमणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, तेही जितकं लवकर तितकं कामाचं. अशा रात्री कुणी म्हणालं "स्टेंट टाकतो, सही करा", तर ताई, पेन हातात घ्या आणि सही करा. सेकंड ओपिनियन नाही, मुलीचं विमान नाही, काही नाही. आणि पहिला ईसीजी, पहिली ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) तपासणी नॉर्मल आली म्हणून घरी पाठवत असतील, तर "थोड्या तासांनी पुन्हा करणार ना?" एवढं विचारा. रक्तातला तो आकडा चढायला वेळ लागतो.

राहिली पर्वती. गोळ्या नीट सुरू होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत सपाटीवर चालू द्या, बोलता येईल इतक्याच वेगाने, जेवणानंतर लगेच नाही. महिन्याभराने बहुधा परवानगी मिळेल. तेव्हा त्यांना एक काम द्या. माणूस बँकेतला आहे, आनंदाने करेल. १०३ पायऱ्यांपैकी कितव्या पायरीवर छातीत भरून आलं, तो आकडा रोज कालनिर्णयवर लिहायचा. साठाचा ऐंशी झाला, ऐंशीचं काहीच नाही झालं, तर गोळ्या काम करताहेत आणि स्टेंटची घाई नाही. महिने गेले तरी साठच राहिला, तर सीडी घेऊन स्टेंटचं बोलायला जा. साठाचा चाळीस, चाळीसचा वीस होऊ लागला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि एखाद्या सकाळी पहिल्या पायरीच्या आधीच, खाली चप्पल घालताना भरून आलं, तर त्या दिवशी आकडा लिहायचा नाही, १०८ फिरवायचा.